नत्थूजींना मी दिलेला खून

धंतोली, नागपूर
१८ नोव्हेंबर १९७३

तीर्थरूप मधुकरमामाजींच्या चरणी भाचा गिरिधरचा दंडवत. तुमचा गुडघा आता कसा आहे? सुभद्रामामींचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. मी ठीक आहे (खाणावळीच्या वरणात डाळ शोधण्याचा व्यायाम रोज होतो).

मानसशास्त्रात एम. ए. करून माणूस नेमकं काय करतो, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतं. मामाजी, माणूस पोलीस ठाण्यात बसतो. न केलेला गुन्हा लोक कबूल काहून करतात, हा माझा प्रबंधाचा विषय. आमच्या सरांनी ओळखीने परवानगी काढली आणि मला एका ठाण्याच्या बाकावर नेऊन बसवलं. पहिले तीन दिवस सगळे मला आरोपीच समजले. एक हवालदार येता-जाता मायेने सांगे, कबूल करून टाक गा, हलकं वाटते (आणि तिसऱ्या दिवशी मला खरोखरच करावंसं वाटू लागलं होतं).

तिथेच नत्थूजी भेटले. उमरेडचे विणकर, साठीचे, माग बंद पडल्यापासून नागपुरात लेकीकडे राहतात. दर मंगळवारी धुतलेलं धोतर नेसून येत आणि एक गुन्हा कबूल करत. इतवारीतली घरफोडी त्यांचीच, मालगाडीही त्यांनीच घसरवली. एकदा तर ज्या चोरीत दुसऱ्याला शिक्षा होऊन गेली, तीही त्यांनी आपली म्हणून मागितली. हवालदार सगळं ऐकून घेत, चहा पाजत आणि घरी पाठवत. असं काहून करता, म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, घरी माझं बोलणं कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही, इथं निदान "मग पुढं?" असं विचारतात.

सर म्हणाले, त्याला एक बनावट गुन्हा देऊन पाहा. म्हणून मी एक खून रचला. बाईचं नाव पंचफुला. हुडकेश्वरच्या शिवारातली पडीक विहीर. आणि पडताळणीसाठी एक बारीक खूण: डाव्या पायात तोरडी, उजवा पाय मोकळा. हे रचायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत (शाळेत निबंधाला मला दहापैकी चारच्या वर कधी मिळाले नाहीत, हे तुम्ही जाणताच). गोष्ट ऐकून नत्थूजी नेहमीसारखे खूश झाले नाहीत. मग म्हणाले, "बाई पडल्यावर लय वेळ आवाज देऊन राहिली होती."

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण तो आवाज मला ऐकू आला.

पुढच्या मंगळवारी ठाण्यात नवे इन्स्पेक्टर बदलून आले होते. त्यांना नत्थूजी ठाऊक नव्हते. त्यांनी चहा मागवला नाही, कागद मागवला. नत्थूजींनी सगळं सांगून अंगठा उठवला (चेहरा नवरदेवासारखा, जन्मात पहिल्यांदा कोणी त्यांचं लिहून घेत होतं). मी धावत जाऊन सांगितलं की ही गोष्ट माझी आहे, खोटी आहे, वहीत तारखेसह लिहिलेली आहे. साहेबांनी वही चाळली, ठेवून घेतली आणि गुरुवारी विहीर उपसायला माणसं पाठवली.

गाळात हाडं निघाली. एका पायाच्या हाडाशी चांदीची तोरडी होती. दोन दिवस गाळ चाळूनही दुसरी सापडली नाही.

नत्थूजी आता कोठडीत आहेत. मी गजांशी उभं राहून, हात जोडून त्यांना सांगितलं की हा खून तुम्ही केलेला नाही. त्यांनी दया आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "पोरा, तू घाबरू नको. मी घेतला ना आता."

बाकी क्षेम. मामींना नमस्कार सांगावा. गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावावं.

आपला,
गिरिधर

ता. क. सरांनी मला विषय बदलायला सांगितलं आहे. लहान मुलांच्या खेळण्यांवर प्रबंध कर म्हणतात.

दुसरा ता. क. आईजवळ मी पंचफुलेचं नाव काढलं. आई म्हणाली, हुडकेश्वरचं शेत विकायच्या आधी ती तुमच्याकडेच कामाला होती. मी चार वर्षांचा होतो, तिच्या कडेवरून उतरत नसे. एक दिवस ती माहेरी निघून गेली, असं तुम्ही येऊन सांगितलंत. त्यानंतर मी महिनाभर बोललो नाही.

तिसरा ता. क. शुक्रवारी अकरा वाजता नत्थूजींचा जबाब मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवणार आहेत. काल मी साहेबांना सांगितलं की ही गोष्ट मी रचलेली नाही, पाहिलेली आहे. विहिरीच्या काठावर कोण उभं होतं, ते शुक्रवारी सांगतो म्हटलं. त्याआधी तुम्ही स्वतः यावं, एवढ्यासाठीच हे पत्र.