उलटा भुंगा

प्रिय नमूताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. आईचे गुडघे सोडले तर धडधाकटही आहेत. फोनवर बाबांचा विषय निघाला की तुझं नेटवर्क जातं. एरवी कोइमतूरहून तुझा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्वच्छ येतो. म्हणून कागद घेतला. कागदाची फार तर घडी घालून ठेवशील, कट तर करता येणार नाही.

मी अजून पुण्यातच आहे. कपडे धुऊन निघायचं म्हणून आलो होतो. हम्पीला एका हॉस्टेलात काम मिळालंय, तिथला माणूस रोज विचारतो 'निघालास का' आणि मी रोज 'उद्या' म्हणतो. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. आई आता तिच्यावर मेथीची जुडी ठेवते. मला बसवत नाही गं, तुला माहितेय. बारावीच्या पेपरलाही मी इतक्यांदा पाणी प्यायला उठलो होतो की सुपरवायझरने माठच माझ्या बाकाजवळ आणून ठेवला. आत्ताही हे लिहिता लिहिता बाहेर जाऊन आलो. तांबट आळीत एक जण हंड्याला ठोके देत होता, ते बघत उभा राहिलो आणि पेन तिथेच विसरलो. परत गेलो, आणलं. तर, काय सांगायचं होतं? हां. मशीन.

बाबांनी दुकानातलं गेमचं मशीन, आपला भुंगा, विकला. म्हणजे विकलाय, आणि गेला मात्र नाहीये. तेच सांगायचंय.

खराडीतल्या एका कंपनीला कँटीनमध्ये ठेवायला जुना व्हिडिओ गेम हवा होता. त्यांचा आमोद नावाचा इंजिनीअर शोधत शोधत आपल्या दुकानात आला. चांगला मुलगा आहे, चप्पल बाहेर काढून आत आला, दुकानात कोण काढतं? बाबा मिक्सरचं भांडं उघडून बसले होते. त्याने भुंगा चालू करून बघितला आणि म्हणाला, "काका, पिक्चर मिरर झालंय. अक्षरं उलटी दिसतायत." बाबा मान वर न करता म्हणाले, "तुमच्या जन्माच्या आधीपासून." तो बिचारा म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे, पिक्चर ट्यूबच्या मागच्या दोन वायरी." बाबा म्हणाले, "ठाऊक आहे. माझ्याच हातून लागल्यात."

ती गोष्ट तू शंभरदा ऐकलीयस, पण मला ती आत्ता कुठे नीट कळली. जुन्या बाजारातून बाबांनी ते खोकं आणलं तेव्हा त्याची ट्यूब फुटलेली होती. त्यांनी एका रंगीत टीव्हीची ट्यूब काढून आत बसवली. गणपतीचा पहिला दिवस, गल्लीत ही गर्दी, पोरं शटर वाजवतायत. घाईत खोकं भिंतीला टेकवलं, बटण दाबलं, तर सगळं उलटं. भुंगा डावीकडच्या बिळातून निघण्याऐवजी उजवीकडून. आपलं दुकान म्हणजे बोळच, खोक्याचं मागचं दार उघडायचं तर आख्खं मशीन रस्त्यावर ओढायला हवं. बाबांनी काय केलं? पुढच्या नाणी टाकायच्या दारातून हात घातला आणि दांड्याच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. आता दांडा डावीकडे ढकलला की भुंगा डावीकडे. झालं काम. आणि आपल्या पेठेतल्या दोन पिढ्या भुंगा उलट्या बाजूनं शिकल्या. ती अक्षरं जपानी आहेत असं मी सातवीपर्यंत समजत होतो.

आणि त्या उलट्या भुंग्यावर तुझ्यासारखा हात कुणाचा बसला नाही. बाबा गिऱ्हाइकांना थांबवून दाखवायचे, 'बघा, माझी मुलगी.' मग कॉलेजच्या गॅदरिंगला कुणीतरी खरा, सुलटा भुंगा आणला होता आणि तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस की मी एका टोकनमध्ये शेवटपर्यंत जाते. पहिल्याच वळणावर तुझे हात भलतीकडे गेले. त्या दिवशी घरी येऊन तू जेवली नाहीस, एवढंच मला आठवतं.

गेल्या आठवड्यात आम्ही मशीन गल्लीत ओढलं. मी, आमोद आणि समोरचे संपतकाका. दोन्हीकडून स्कूटरवाले हॉर्न देतायत. बाबा म्हणाले, "माझ्या वरातीलासुद्धा गल्ली एवढी तुंबली नव्हती." मागचं दार उघडलं आणि मी आत बघतच राहिलो. ताई, तू कधी पाहिलंयस का गं आतून? पाटाएवढं हिरवं सर्किट, त्यावर गोमेसारख्या काळ्या चिपा ओळीने बसलेल्या. त्यातल्या काहींच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. त्या खिडकीतून ऊन आत गेलं की आतला गेम हळूहळू पुसला जातो म्हणे. म्हणून बाबांनी प्रत्येक खिडकीवर आईची टिकली चिकटवलीय! मोठी, मरून, मखमली. आमोदला हसू आवरेना. "काकू, या तुमच्या?" आई म्हणाली, "मग? उघड्या कपाळाने ठेवू त्यांना?"

ट्यूबला हात लावायच्या आधी बाबांनी स्क्रू ड्रायव्हरने तिच्यातला करंट उतरवला. टक् असा आवाज झाला. मशीन बंद केलं तरी काच करंट धरून बसते, कितीतरी वेळ. मी म्हटलं, घरातल्या माणसांसारखीच.

आणि मग बाबांनी वायरी बदलल्याच नाहीत. मागचं दार उघडंच ठेवून मशीन तसंच आत घेतलं, वाटेत आडवं. गिऱ्हाइकं अंग चोरून जायची. आमोदचा टेम्पो ठरायचा, बाबा तो पुढे ढकलायचे. हम्पीवाला मेसेज करतोय, मी दुकान ते शनिवारवाडा, शनिवारवाडा ते दुकान अशा फेऱ्या मारतोय. शेवटी मीच स्क्रू ड्रायव्हर उचलला. दोन वायरी, त्यात काय? तर बाबा केवढ्याने ओरडले, "हात काढ! ती आली तर तिचे हात कुठे जातील?"

आईने मेथी निवडायला घेतली.

तू जाताना काय बोलली होतीस ते या घरात कुणी उच्चारत नाही, पण पाठ सगळ्यांना आहे. हडपसरच्या लोकांना बाबांनी तुला न विचारता बघायला बोलावलं होतं. तू नाही म्हणालीस, तर त्यांना नकार कळवायचं सोडून बाबांनी तुझ्या सुट्टीप्रमाणे तारीख बदलली. तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, तुमची मूळ वायर चुकली की तुम्ही ती सोडवत नाही. दुसरीकडची उलटी करता, आणि आम्ही आपले हात वळवून घ्यायचे." आणि बॅग उचललीस.

परवा दुपारी बाबा जेवण अर्धं टाकून बुधवार पेठेत गेले. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून एक खटका घेऊन आले, पूर्वीच्या टीव्हीला चॅनेल बदलायला असायचा तसा कडाकडा फिरणारा. रात्रीपर्यंत सोल्डरिंगचे डाग देत बसले. मी टॉर्च धरली होती. ट्यूबच्या वायरी आणि दांड्याच्या वायरी, दोन्ही त्या एका खटक्यावर आणल्या. आधी मशीन बंद करायचं, मग खटका फिरवायचा. एका बाजूला सगळं जगात असतं तसं. बाबांनी मूळची वायर सोडवली, ताई. मी स्वतः पाहिलं. अक्षरं सरळ उमटली तेव्हा कळलं, जपानी नव्हतं.

खटक्याच्या दुसऱ्या बाजूला आपला जुना भुंगा, होता तसा.

दोन्ही बाजूंना त्यांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात. एकीवर लिहिलंय 'सरळ'. दुसरीवर 'नमू'.

आमोदने सरळ बाजू खेळून बघितली, खूश झाला. म्हणाला, "काका, झालं की, नेतो." बाबा म्हणाले, "एक बाजू तपासायची राहिलीय." त्याने सांगितलं, ती बाजू आम्हाला लागणार नाही. तर म्हणाले, "लागो न लागो, माझ्या दुकानातून माल न तपासता जात नाही." बाबा स्वतः त्या बाजूवर दुसऱ्या बिळात मरतात. मी पहिल्याच. आई तर दांड्याला हातच लावत नाही. मग बाबा फडक्याने काच पुसत, आमच्याकडे पाठ करून बोलले, "कोइमतूरची गाडी सकाळी येते की संध्याकाळी?" सहज विचारल्यासारखं. बाबा कधी काही सहज विचारत नाहीत.

ते तुला फोन करणार नाहीत, हे तुला ठाऊक आहे. मला लिही असंही म्हणाले नाहीत. पण काल त्यांनी आमोदला सांगून टाकलं की आमचा तपासणारा माणूस बाहेरगावी असतो, पंपांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आला की कळवू. म्हणून हे पत्र. टेम्पो अडलाय, गिऱ्हाइकं अडलीत, हम्पी अडलंय. ये आणि एकदा खेळून बघ. पास कर नाहीतर नापास कर, बाबा तुझं ऐकतील, यावेळी मला खरंच तसं वाटतं. फक्त फोनवरून नको, हाताने तपास.

मेथीखालच्या पिशवीवर नजर ठेवून बसलेला,
तुझाच
साई