लेव्हल सातची फरशी

३ मार्च
आई २८ला इथे आयर्लंडला येतेय. गुडघ्यांमुळे तिला टबमध्ये चढता येत नाही. स्टूल, बादली आणि तांब्या, एवढंच तिला लागतं. टब काढून खाली फरशी करायची. पंचवीस दिवस आहेत. भरपूर.

५ मार्च
प्लंबरने टब काढला. मेधाच्या मैत्रिणीने, शुभदाने, मारेक नावाचा पोलिश फरशीवाला सुचवला. तिचं बाथरूम त्यानेच केलंय. मी सर्टिफिकेट मागितलं. त्याने फोटो पाठवला. सगळं पोलिशमध्ये, शिक्का सुंदर. पण शिक्क्याला भुलणारा मी नव्हे. एक्सेल उघडलं.

९ मार्च, लंच-टाइम, चेरीवूडचं ऑफिस
सखोल अभ्यास. युरोपात शिक्षणाच्या आठ लेव्हल. आयर्लंडची सहा म्हणजे युरोपची पाच. मारेक चार. माझं स्थळ बघताना मेधाच्या वडिलांनीही एवढी चौकशी केली नव्हती.
तन्वी फोनवर म्हणाली, बाबा, जस्ट रिंग युअर मॅन, ही'ज ग्रँड. म्हणजे त्या मारेकलाच बोलाव, तो चांगला आहे. या पिढीला प्रोसेस कळत नाही.

१४ मार्च
जर्मन मास्टर-कारागीर सापडला. लेव्हल सहा. सप्टेंबरपर्यंत बुक्ड. आयरिश माणूस, पाच, फोन उचलत नाही. मारेकला त्याची लेव्हल इथल्या हिशोबात काय होते याचं पत्र आणायला सांगितलं. त्याने नुसता अंगठा पाठवला. म्हणजे कामाला लागला असणार.

२१ मार्च
पत्र नाही. शीटमध्ये सहज माझीही ओळ भरली. एम.टेक., लेव्हल सात. सॉर्ट केलं. मी सगळ्यांच्या वर. इतके दिवस हे सुचलं कसं नाही? फरशी मीच बसवणार. मेधाला सांगितलं. तिने कपाटातले जुने टॉवेल बाहेर काढले, म्हणजे संमती.

२६ मार्च
झाली. पाठ धरलीय, पण फरशी एकदम सपाट. फोनवरच्या पातळी मोजायच्या अ‍ॅपने चारही कोपरे मोजले. शून्य अंश. मारेकला जमलं असतं का, शंकाच आहे.

२९ मार्च
आईची पहिली आंघोळ. पाणी जाळीकडे गेलंच नाही. दाराखालून हॉलच्या कार्पेटवर आलं. आई म्हणाली, असू दे रे, मी ओल्या टॉवेलने अंग पुसून घेईन. मी समजावलं, फरशी नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो.

६ एप्रिल
नऊ दिवस आई टॉवेलवर. आज फोनवर आत्याला सांगत होती, माझ्या लेकाने स्वतःच्या हाताने बाथरूम केलंय, फार छान आहे. ऐकून रडू आलं. मेधाने मारेकला परस्पर बोलावलंय. पत्राचा आग्रह मी मोठ्या मनाने सोडला.

९ एप्रिल
मारेकने सगळं उखडून, जाळीकडे उतार काढून, दोन दिवसांत संपवलं. आईने तांब्याभर पाणी ओतून पाहिलं आणि दार लावून घेतलं. पाऊण तास आंघोळ. आतून रामरक्षा ऐकू येत होती.
निघताना मारेकने विचारलं, आधीची फरशी कोणी केली होती. म्हटलं, होता एक. लेव्हल सात.
त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि विचारलं, इंजिनिअर होता का.