मामंजींचा दमा

डोंबिवली, गुरुवार, ११ नोव्हेंबर १९५४

आज ह्यांच्याशी वाद झाला. मीच उकरून काढला. विलायतेत सिगारेटी ओढणारी माणसं फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरतात, असं वर्तमानपत्रात आलंय. हेही ओढतात, आणि ह्यांचा खोकला दिवाळीपासून थांबत नाही, म्हणून चहा देताना मुद्दाम वाचून दाखवलं.

हे हसले. "अगं, तो तिकडचा रोग. आमच्या गावात घरोघर विडी ओढतात. कॅन्सरनं गेलेला एक तरी ऐकलायस? वडील जन्मभर ओढायचे, पण गेले ते दम्यानं."

दमा! तो शब्द तर माझाच. चार वर्षांपूर्वी मामंजी गावी वारले. मृत्यूची नोंद करायला पाटील आले, त्यांनी कारण विचारलं, तेव्हा 'दमा' असं मीच सांगितलं होतं. शेवटचे दोन महिने मामंजींच्या थुंकीतून रक्त पडत होतं. "मुलाला कळवू नकोस, नोकरी सोडून धावत येईल," अशी त्यांनी मला शपथ घातलेली. क्षय होता की आणखी काही, कुणास ठाऊक. गावात डॉक्टरच नव्हता, छातीचा फोटो कोण काढणार? असा दमा आणखी किती घरांनी सांगितला असेल?

आज शेवटी सगळं बोलून टाकलं. शपथ मोडली. हे रागावतील असं वाटलं होतं, पण ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग खाली मान घालून म्हणाले, "मलाही परवा रक्त पडलं. तुला सांगणार नव्हतो."

उद्या दोघं ठाण्याला जातोय, फोटो काढायला.