वेचा म्हटलं की पाऊल

नेर,
ता. ४ जानेवारी १९६२

सौ. इंदूस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली आली नाही की मी समजतो, बहीण पापड लाटण्यात गुंतली आणि भाऊ विसरली.

बातमी अशी की, संक्रांतीला यवतमाळच्या मैदानावर फुटबॉलचा उपान्त्य सामना आहे आणि चिठ्ठीत नेरसमोर निघालं घाटंजी. म्हणजे तुझा लेक भीमराज चेंडू घेऊन धावत येणार, आणि त्याला अडवायला माझे दोन बॅक उभे. डावीकडे सायकली दुरुस्त करणारा रहमत, उजवीकडे आपल्या शिवेजवळ राहणारा उकंडा. दोघेही अनवाणी. तुमच्या गड्यांना जिनिंग कारखान्याच्या शेठनं बूट दिलेत म्हणे. देऊ दे. काळ्या मातीच्या भेगांत बूट काय करतात, ते पाहू.

माझी खरी भिंत बुटांची नाही, वृत्ताची आहे. हसू नकोस. दोघांनी एकाच क्षणी पाऊल पुढे टाकलं की समोरचा गडी मागे गोलकीपरपाशी एकटा उरतो आणि पंच ऑफसाइडची शिट्टी फुंकतो. पण ओरडून सांगावं तर शत्रूलाही ऐकू जातं, आणि खुणेकडे पाहावं तर चेंडू सुटतो. मग मी त्यांना भुजंगप्रयातातली कापसाची ओळ करून दिली: ‘उभी ही पऱ्हाटी फुटे बोंड वेचा’. समोरच्यानं चेंडू पायात घेतला की दोघं मनातल्या मनात म्हणायला लागतात आणि ‘वेचा’ला पाऊल टाकतात. उकंडाला शाळा कधी मानवली नाही, पण लगागा त्याच्या पोटऱ्यांत उतरलं आहे. संध्याकाळी त्यांना पाहताना मला जुना पाचवीचा वर्ग आठवतो. बाकांवर साऱ्या माना एका लयीत डुलायच्या.

काळजी एकच, रहमतचा गुडघा. तेल लावून बांधतो आणि कुणाला सांगू नका म्हणतो. तूही सांगू नकोस.

भीमाला आशीर्वाद. लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
दादा


घाटंजी,
ता. ८ जानेवारी १९६२

ती. दादांच्या चरणी इंदूचा शि. सा. नमस्कार. पत्र पावलं. पापड झाले, आता तीळ निवडते आहे, म्हणून भाऊ आठवला.

दादा, इकडे घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. भीमा दोन हंगाम जिनिंगमध्ये तात्पुरता आहे. शेठनं सगळ्यांसमोर सांगितलं की घाटंजी अंतिम सामन्यात गेलं तर भीमराज कायम, नाही तर होळीला जिनिंग बंद झालं की त्यानं दुसरीकडे पाहावं. तेव्हापासून पोरगा धड जेवत नाही. काहून जेवत नाहीस म्हटलं, तर म्हणतो, मामाची भिंत पोटात बसली आहे. मी तुमच्याकडे काही मागत नाही. एकीकडे पाठीराखा भाऊ, एकीकडे पोटचा पोर. मी देवापुढे कुणाचं नाव घेऊ, तेवढं सांगा.

एक गोड गोष्ट मात्र कळवते. काल गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारत होता आणि ओठांत पुटपुटत होता. कान दिला तर काय, लगागा, लगागा, लगागा, लगागा. थांबायचा, पुन्हा म्हणायचा, शेवटच्याला उडी घेऊन पळायचा. पाचवीत तुमच्याकडे शिकायला होता तेव्हा असाच म्हणायचा. मागे दिवाळीला नेरला आला होता, तेव्हा तुमच्या गड्यांचा खेळ पाहत बांधावर बसला होता म्हणे. तेव्हाच आठवलं असेल. माझे डोळे भरून आले. मामाला विसरला नाही हो पोरगा.

चुकलंमाकलं पदरात घ्यावं. इकडून नमस्कार.

तुमची,
इंदू


नेर,
ता. १० जानेवारी १९६२

सौ. इंदूस आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा अर्थ उलगडला.

वेडे, तो मामाची आठवण काढत नाही, मामाचं कुलूप उघडतो आहे. सरावात दोघं ओळ मोठ्यानं म्हणतात, ती बांधावर बसून ऐकून त्यानं आमची लय धरली. ‘वेचा’ला माझे दोघं पुढे येणार, तेव्हाच तो त्यांच्या मधून सुटणार, आणि पुढे नुसता गोलकीपर. असा विद्यार्थी मिळाल्याचा अभिमान वाटतो आणि धास्तीही.

उपाय सोपा आहे. एक गण वाढवला की तो फसेल. रहमतला सांगितलं तर तो दोन संध्याकाळींत उकंडाकडून घोटून घेईल. पण हे मला कळलं तुझ्या पत्रातून. आईनं लेकाचं कौतुक लिहावं आणि मामानं त्याच कागदानं लेकाची नोकरी अडवावी, हे कुठल्या वृत्तात बसवू? आणि गप्प राहावं, तर दुखऱ्या गुडघ्यावर उभा राहणाऱ्या रहमतला मीच फसवलं असं होईल.

अजून कुणाला बोललो नाही. तू एवढं कर, भीमाला सांग की मामाला कळलं आहे. पुढचं मैदानावर.

तीळ जळू देऊ नकोस.

दादा


घाटंजी,
ता. १६ जानेवारी १९६२

ती. मामांस भीमराजचा दंडवत. शुद्ध लिहीन म्हटलं होतं, पण मन ठिकाणावर नाही, म्हणून बोलतो तसंच लिहून राह्यलो.

आईनं निरोप दिला. मले वाटलं, मामाले कळलं, आता मामा ओळ बदलतीन. सामन्याआधी रहमतभाईनं तिळगूळ दिला अन् म्हणाला, “गोड बोल, पण माह्या बाजूनं येऊ नको.” मी मनात म्हटलं, बदलली पक्की.

पहिला पास आला. उभी ही पऱ्हाटी फुटे बोंड वेचा. दोघं निघाले, अन् मी पाय रोवून उभाच, आता आणखी एक गण येईन म्हणून. शिट्टी. पुन्हा तसंच. पुन्हा शिट्टी. शेठ मांडवातून काय काय म्हणाला, ते लिहीत नाही. तुमचा एक गोल झाला होता. शेवटी ठरवलं, मामानं काहीच बदललं नाही असं मानू अन् जाऊ. ‘वेचा’ले सुटलो. पुढे गोलकीपरच होता. तेवढ्यात रहमतभाई कुठून वळला कोण जाणे, बांधल्या गुडघ्यावर घसरत आडवा आला अन् चेंडू बाहेर, सामना तुमचा. तो उठला नाही. त्याले बैलबंडीपर्यंत मी अन् उकंडानं उचलून नेलं. रस्त्यात विचारलं, गुरुजीनं काही सांगितलं होतं काय? म्हणाला, “काय सांगतील? रोजचंच. म्हणा अन् चाला.”

मामा, तुम्ही ओळ बदलून वाकडे वागले असते तर मी जिंकलो असतो. मी वाकड्याचीच तयारी केली होती.

शेठनं होळीपर्यंत राहा म्हटलं. आई तुमच्यावर रागावली आहे. तिळगूळ पाठवणार नाही म्हणते, पण डबा घासून ठेवला आहे.

रहमतभाईचा गुडघा आता मैदानाचा राह्यला नाही, असा उकंडाचा निरोप आला. दुकानातही त्याले उभं राहता येत नाही, हात पाहिजे म्हणे. होळीनंतर मी नेरले येतो. पंक्चर काढणं शिकीन. अन् डावी बाजू रिकामी असली तर विचार करा. ओळ मले पाठ आहे.

तुमचा,
भीमराज