पापड लाटता लाटता झालेला ठराव

मु. पुसेगाव, ता. सेनगाव

माझ्या सृष्टीबाईला,

तुझ्या गालावरून दोन्ही हात फिरवून आजीनं कडाकडा बोटं मोडली, असं समज. पुण्यात तब्येत बरी हाय ना? रात्री उपाशी तर झोपत न्हाईस? आमी बरे. म्हैस व्याली, माझा गुडघा हाय तसाच. फोनवर सांगितलं असतं, पन तुझे आबा कान देऊन बसत्यात, म्हनून पत्र. (अक्षरं मोठी झालीत. दुसरीपातूरची शाळा, आन् चष्मा एकच, तोबी ह्यांच्याच नाकावर.)

व्हय, मी अजून अध्यक्षच हाय! आपल्या बायांच्या हळद कंपनीत मला बसवलं तवा समद्यांना वाटलं, म्हातारी कुन्या पार्टीची न्हाई, पंचायत समितीची निवडनूक होईस्तोवर खुर्ची धरून ठेवील. पन निवडनूक काही येईना. तारीख निघती आन् पुढं जाती, पुढारी इकडून तिकडं जाऊन राहिले. (एकाच्या गळ्यात मी महिन्यात तीन रंगांचे रुमाल पाह्यले. मानूस तोच, चहाबी बिनसाखरेचाच.) दोन्हीकडचे येऊन म्हनले, मावशी, हळद शिजवायचा बॉयलर देतो, गोदामावर फकस्त आमचा बॅनर लावा. एकाचा लावला की निम्म्या बाया आपली हळद घेऊन चालल्या. कंपनी मोडलीच म्हन.

आमी पाच डायरेक्टर. सखुबाईचं घर एका पार्टीचं, आशाबाईचं दुसऱ्या. दोघींच्या मागं एकेक मैत्रीन. तीनदा मीटिंग बोलावली. सखुबाई म्हनली, "ती येनार असंल तर मी न्हाई." आशाबाई म्हनली, "माझं नाव तिच्या खाली काहून लिव्हलं?" आपली मॅनेजर कोमल म्हनली, "आजी, तिघी असल्या तरी कायद्यानं चालतंय." चालतंय बाई, पन एकाच बाजूच्या दोघी घेऊन बसले तर कंपनी त्यांचीच झाली की!

मंग मी पापड काढले. पापडाला हाक मारली की बाईला यावंच लागतं, न्हाईतर उद्या तिच्या पापडाला कोन जाईल? (कोमलनं नोटीस बराबर सात दिवस आधी दिली होती. जागा: मनकर्णाबाईचं, म्हंजे माझंच, अंगन. कुनी वाचली न्हाई, त्याला मी काय करू?) चौघी पोळपाट घेऊन आल्या. शंभर पापड होईस्तोवर कुनी कुनाशी बोललं न्हाई. मंग आशाबाईचा पापड फाटला, सखुबाईनं मुकाट्यानं जोडून दिला. तेवढ्यात मी कोमलला म्हनलं, लिही. गोदामावर कुनाचाच बॅनर न्हाई. बॉयलर आपला आपन घ्यायचा, उशिरा का व्हईना. आन् जिच्या घरातलं मानूस निवडनुकीला उभं राहील, तिनं डायरेक्टरकी सोडायची. समद्यांनी सह्या केल्या. तेलकट हातांनी ते पान असं झालं की ह्या बाजूची सही त्या बाजूनं दिसती. (कोमल म्हनती, ऑडिटवाल्याला काय सांगू? म्हनलं, पापड दे.)

वेळेवर जेवत जा, लेकरा.

तुझी आजी,
मनकर्णा (अध्यक्ष)

ता.क. खरं सांगायचं ते राह्यलंच. काल गोदामावर बॅनर दिसला: 'भावी पंचायत समिती सदस्य'. फोटो तुझ्या आबांचा! आमच्या लग्नाला पन्नास वर्सं झाली तवाचा फोटो कापलाय, बाजूला माझा खांदा तेवढा राह्यला. म्हनलं, हे काहून? तर म्हनले, "तुला भेटायला दारात गाड्या येत्यात. मला कुनी बसा बी म्हनत न्हाई." गलबलून आलं गं मला. पन ठराव माझाच हाय. तू शिकलेली, तवा दोन कागद चांगल्या भाषेत लिहून पाठव. एक माझा राजीनामा, एक ह्यांचा, 'मला उभं राहायचं न्हाई' म्हनून. दोन्ही ह्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवते. कोनता उचलत्यात बघू.

ता.क. २. चि. सृष्टी, पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिले, आणि चष्माही माझ्याकडेच असतो. एकच कागद पाठव, माझा. बॅनर उतरवून म्हशीच्या कडब्यावर टाकला आहे. तिच्या खांद्याचा तुकडा तेवढा कापून घेतला, माझ्या पाकिटात आहे. तिला कळवू नकोस.
— संतराम