आनूचा पहिला शब्द

प्रिय बाबा,

आज आनूला घेऊन अमरावतीला जाऊन आले, तिच्या वाढीची तपासणी करायला. तिथे तुमचा विषय इतक्यांदा निघाला की घरी आल्यावर तुम्हालाच लिहायला बसले.

डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, लहानपणचं सगळं आठवून या. कधी बसली, कधी चालली, पहिला शब्द कोणता. मी तिची आई, पण कुठून आठवणार? मी एसटीत कंडक्टर, तिचा बाप अमित तिकडे धारणीच्या शाळेत शिक्षक. अकोल्याच्या घरात दिवसभर आनू आणि तुम्ही. आणि तुम्ही तर दिवाळीआधीच आम्हाला कायमचे सोडून गेलात.

शेवटी शेजारच्या शबानाभाभींना विचारलं. त्या हसल्या. "पहिला शब्द? 'काव'. भिंतीवर कावळा बसला होता. बाबांनी मले बोलावून ऐकवलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "अजून काही शब्द बोलत होती ना. मंग हळूहळू बंदच झाली. बाबा म्हणे, सुमीले सांगू नोको बेटा, ड्युटीवर रडत बसन."

काहून, बाबा? मला वाटायचं, ती कधी बोललीच नाही. तो 'काव' मलाही ऐकायचा होता. तो थांबला, हेही कळायला हवं होतं. राग आला तुमचा. पण हे सगळं मनात ठेवून तुम्ही रोज हसत दार उघडायचात. एकटेच किती घाबरला असाल?

तपासणीत दिसावं म्हणून मी तिला रंग ओळखायला शिकवू लागले होते. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, शिकवून आणू नका, आहे तशी आणा.

आज आनू चेंडू फिरवत बसली, कुणाकडे बघेना. बाईंनी साबणाचे फुगे उडवले आणि थांबल्या. आनू उठली, तिने त्यांचा हात धरून फुग्यांच्या डबीवर ठेवला. "मागतेय ती," बाई म्हणाल्या. "इथूनच सुरुवात करू."

ऑटिझमची लक्षणं आहेत, बाबा. आधी कान तपासायचे, मग बोलण्याची थेरपी. "शब्द थांबल्याचं सांगितलंत ते बरं झालं," असं बाई मला म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये अमितचा फोन आला. "काय म्हणे डॉक्टर?" 'सगळं ठीक आहे' अगदी ओठांवर आलं होतं. पण खरं तेच सांगितलं. त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारून घेतलं. मग म्हणाला, "शनिवारी येतो. मले काय करा लागन, ते शिकवजो."

बाबा, तुमच्यासारखी माया मी आनूवर करीन. पण तिच्याबद्दलची भीती एकटीने पोटात ठेवणार नाही. एवढा शब्द देते.

तुमची
सुमी