बांधावरची ओ

चौसाळा

आये,

तुमी दोघं ऊसतोडीला गेलात अन् मी आसामच्या जंगलातून सुट्टीवर आले. किल्ली शेजारच्या उमाकाकूनं दिली. आता ओट्यावर बसून, कानाला हेडफोन लावून वानरांच्या हाका वहीत उतरवतीय. बिनशेपटीची वानरं हायत ती, हुलॉक म्हणत्यात. कोण कुणासंग राहतं अन् म्हणून कोण कुणाला ओ देतं, हेच शिकतीय मी.

सकाळी वानरांतली आई गाणं धरते, लेक तिच्या सुरात सूर मिसळते. लेक मागं राहिली तर आई थांबते. ते ऐकलं अन् मला फड आठवला. ऊस लई उंच, तू दिसायची न्हाईस, नुसतं "राजीऽऽ" ऐकू यायचं. मी बांधावरून ओ दिली की तुझा थांबलेला कोयता परत चालू व्हायचा.

मग बीडच्या वसतिगृहात तू भेटायला आलीस अन् फाटकातून तशीच हाक मारलीस. पोरी हसल्या. मी खिडकीखाली दडून बसले, ओ दिली न्हाई. लाडवांचा डबा वॉचमनपाशी ठेवून तू परत गेलीस. "झोपली आसंल पोरगी," एवढंच म्हणालीस म्हणे.

तुला वाचता येत न्हाई. हे धाडलं तर टोळीचा मुकादम सगळ्यांदेखत वाचून दाखवील, म्हणून वहीतच ठेवते.

उद्या मांजरसुंब्याहून गाडी धरून तुझ्या फडावर येते. बांधावर उभी राहून मीच आधी ओ देईन. हाक तर तू कवाच मारलीयस.

तुझी, उशीर झालेली,
राजी